साइट बदलली आणि झीरो टिकेना: एअर पिस्तुलाची वारंवारची तक्रार

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यात येते. नवी रिअर साइट (नेम धरायला पिस्तुलावर मागे बसते ती) किंवा नुसती तिची पाती (खाच असलेली पट्टी) बाहेरून मागवली, घरी बसवली, पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर झीरो केलं, म्हणजे शॉट केंद्रात पडतील अशी साइट लावली, आणि त्या दिवशी ग्रुप, म्हणजे शॉटचा पुंजका, मस्त पडला. दोन-तीन सरावांनंतर तोच ग्रुप उजवीकडे आठच्या रिंगेत. मग साइटचा समायोजनाचा स्क्रू डावीकडे चार क्लिक, म्हणजे चार टप्पे. पुढच्या आठवड्यात ग्रुप डावीकडे आणि खाली, म्हणून पुन्हा क्लिक. महिनाभर हे चालतं. सर म्हणतात, ट्रिगर झटकतेस. बाबा म्हणतात, अभ्यासात नाही आणि इथेही लक्ष नाही. तेरा-चौदा वर्षांची मुलगी मान खाली घालून ऐकते आणि स्वतःच्या हातावरचा विश्वास गमावून बसते. अशी मुलं मी रेंजवर पाहते म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. हाताला दोष देण्याआधी साइट जागेवर आहे की नाही हे तपासता येतं, आणि ते तपासायला फार काही लागत नाही.

आधी मर्यादा सांगते. खालचं सगळं १० मीटर एअर पिस्तुलासाठी आहे: नळीचा व्यास ४.५ मिमी, म्हणजे ०.१७७ इंच बोअर. २० ज्यूलपर्यंत ताकदीच्या अशा एअर गनला आपल्याकडे शस्त्र परवाना लागत नाही, आणि मॅच पिस्तुलाची ताकद त्याच्या बरीच खाली असते. पॉइंट टू टू (०.२२ बोअरचं) पिस्तूल किंवा घरातलं परवान्याचं रिव्हॉल्व्हर यांना हे लागू करू नका. १९५९ च्या शस्त्र कायद्यात दुरुस्ती आणि फेरफार यांनाही वेगळा परवाना लागतो. ते काम परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडेच द्या, शस्त्राची साइट एका स्क्रूवर बसलेली असली तरी.

किती हललं म्हणजे किती चुकलं

हे गणित एकदा डोक्यात बसलं की पुढच्या सगळ्या पायऱ्या का करायच्या ते पटतं. फ्रंट साइट (नळीच्या पुढच्या टोकाजवळची) आणि रिअर साइट यांच्यातलं अंतर बहुतेक मॅच पिस्तुलांत ३० ते ३६ सेंटिमीटर असतं. ३३ धरू. टार्गेट १० मीटरवर. म्हणजे रिअर साइट जेवढी सरकेल त्याच्या तीसपट शॉट टार्गेटवर सरकणार. साध्या झेरॉक्सच्या कागदाची जाडी ०.१ मिमीच्या आसपास असते. साइट एका कागदाइतकी सरकली तर टार्गेटवर ३ मिमी, तीन कागदांइतकी सरकली तर ९ मिमी.

आता टार्गेटकडे बघा. दहाच्या रिंगेचा व्यास ११.५ मिमी आहे आणि त्यानंतरची प्रत्येक रिंग ८ मिमीने बाहेर. पॅलेटची (छोट्या गोळीची) कड रेषेला लागली तरी वरचा गुण मिळतो, म्हणून पॅलेटचा मध्य केंद्रापासून ८ मिमीपर्यंत असेल तर दहा, पुढे गेला की नऊ. थोडक्यात, अगदी केंद्रात जाणारा शॉट तीन कागदांइतक्या ढिलाईने नऊमध्ये जातो. नऊमध्ये जाणारा बहुतेक वेळा आठमध्ये. हा खेळ डोळ्यांना दिसत नाही. बोटाने साइट हलवून पाहिली तरी पुष्कळदा जाणवत नाही, कारण बोट हळू दाबतं आणि शॉटचा धक्का एकदम येतो.

पहिलं काम: क्लिकला हात न लावता सिद्ध करा

नेलपॉलिशची बाटली घ्या, पांढरी किंवा फिकट रंगाची. टाचणीच्या टोकाने एक बारीक रेघ ओढा, अशी की अर्धी साइटच्या बैठकीवर आणि अर्धी पिस्तुलाच्या अंगावर येईल. दुसरी तशीच रेघ स्क्रूच्या डोक्यावरून बाजूच्या धातूवर. फ्रंट साइट बदललेली असेल तर तिलाही. वाळू द्या. मग नेहमीसारखा सराव करा, पिस्तूल केसमध्ये ठेवा, घरी न्या, परत आणा. आठवड्याने भिंगातून रेघा बघा. रेघ तुटली असेल किंवा दोन तुकडे एकमेकांसमोर नसतील तर चर्चा संपली. साइट हलते आहे.

घरी न्या, परत आणा हे मुद्दाम सांगितलं. सिंहगड रस्त्यावरून किंवा हडपसरवरून बालेवाडीपर्यंत दुचाकीच्या पायाशी केस ठेवून यायचं म्हणजे तासभर गतिरोधक आणि खड्डे. स्क्रू ढिला व्हायला सरावापेक्षा हा प्रवास जास्त कारणीभूत होतो, असं माझं मत आहे. केसमधला फोम जुन्या साइटच्या मापाने कापलेला असतो, नवी साइट थोडी उंच असते, आणि झाकण बंद केलं की फोम तिच्यावर सतत दाब देत राहतो. नवी साइट आणली की आधी फोम कापा. केस पाठीवरच्या बॅगेत घेता आली तर उत्तम.

रेघा शाबूत असतील तर दुसरी चाचणी. रेंजवर टेबलावर वाळूची पिशवी ठेवा, तिच्यावर मनगट टेका. बॅरल टेकवू नका, पिस्तुलाचा कुठलाही भाग पिशवीला लागू देऊ नका. दहा शॉट मारा. पिस्तूल खाली ठेवून, पकड सोडून, पुन्हा धरून आणखी दहा. दोन्ही ग्रुपचे मध्य जवळजवळ एकच यायला हवेत. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर मध्य स्क्रीनवरच मिळतो. कागद असेल तर पेन्सिलीने काढा.

दहा का, पाच का नाही? मध्यम पातळीच्या मुलाचे शॉट दोन्ही हातांनी टेकूनसुद्धा थोडे पसरतात, आणि उभं राहून तर सेंटिमीटरभर इकडेतिकडे जाणं रोजचंच आहे. असा पसारा असेल तर पाच शॉटचा मध्य निव्वळ योगायोगाने चार-पाच मिलिमीटर सरकतो. दहा शॉटचा तीनेक. तीन शॉट बघून क्लिक फिरवणारी मुलं योगायोगाच्या मागे धावत असतात, आणि ‘साइट सरकते’ या तक्रारींमधला मोठा वाटा हाच निघतो. साइट जागेवरच असते, तिला क्लिकने आपणच हलवत असतो.

साइट खरंच हलते: मग आधी बैठक, नंतर स्क्रू

काम सुरू करण्याआधी: पॅलेट भरण्याची खिडकी उघडी, आत काही नाही हे डोळ्यांनी बघा. हवेचा सिलिंडर फिरवून काढा आणि वेगळ्या खोलीत ठेवा. सिलिंडर काढल्यावरही आत थोडी हवा राहू शकते, म्हणून नळी सुरक्षित दिशेला धरून एकदा कॉक करून ट्रिगर दाबा. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर त्यानंतर स्विच बंद. सेफ्टी फ्लॅग (नळी रिकामी असल्याची खूण) आत. घरात लहान भावंडं असतील तर दार लावून घ्या.

साइट काढायच्या आधी जुनी मापं लिहून ठेवा. एका बाजूला पूर्ण टेकेपर्यंत किती क्लिक आहेत ते मोजायचं आणि परत तितकेच क्लिक मागे यायचं. वरखालीचंही तसंच. व्हर्निअरने खाचेची रुंदी मोजा. हा कागद पुढे फार उपयोगी पडतो.

घरी बसवलेल्या साइटमध्ये जो दोष सगळ्यांत जास्त सापडतो तो स्क्रूचा नसून बैठकीचा असतो. साइट ज्या खाचेत किंवा सपाटीवर बसते तिथे कारखान्याचं तेल असतं, जुन्या थ्रेडलॉकरचा, म्हणजे स्क्रू जखडणाऱ्या द्रवाचा, चुरा असतो, पावसाळ्यात ओलसर झालेली धूळ असते. त्यावर साइट ठेवून स्क्रू आवळला की घट्ट लागतो, पण खाली मऊ थर असतो. शॉटगणिक तो थर दाबला जातो, दाब कमी होतो, साइट मोकळी होते. पुन्हा आवळलं की आठवडाभर ठीक, मग पुन्हा तेच. झीरो ‘वारंवार’ का जातो याचं उत्तर हे आहे.

म्हणून दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. केमिस्टकडे मिळतं. हँड सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं आणि ते मागे राहतं. नेलपॉलिश रिमूव्हर प्लास्टिक आणि रंग खातो, तोही नको. कापसाऐवजी चष्मा पुसायचं कापड घ्या, कापसाचे धागे खाचेत अडकतात. बाटली थेट पिस्तुलावर ओतू नका. कापड ओलं करा. द्रावण आतल्या रबरी सीलपर्यंत पोहोचता कामा नये. स्क्रूचे आटे आणि भोकातले आटे काडीने स्वच्छ करा.

मग साइट नुसती ठेवून बघा, स्क्रू न लावता. चार कोपऱ्यांवर बोट दाबा. एखाद्या कोपऱ्यावर दाबल्यावर समोरचा कोपरा उचलतो का? उचलत असेल तर बैठक सपाट नाही. बाजारात मिळणारे कित्येक भाग ‘अमुक मॉडेलला बसतो’ म्हणून विकले जातात आणि प्रत्यक्षात त्याच मॉडेलच्या जुन्या-नव्या आवृत्तीत बैठकीचं माप थोडं वेगळं असतं. अशी साइट परत करा. कानस घेऊन बसू नका. आपल्याकडे भोसरी-चिंचवडला हात चांगला असलेली माणसं आहेत, वायरकटवर (तारेने धातू कापणाऱ्या मशीनवर) पाती कापून देणारीही आहेत, आणि नवी पाती करून घ्यायची तर मला तो मार्ग आवडतो. पण पिस्तुलाचं मूळ अंग घासायचं नाही. ते परत येत नाही.

थ्रीडी प्रिंट केलेल्या साइटबद्दल माझं मत स्पष्ट आहे: सरावाला खाचेची रुंदी ठरवण्यापुरती ठीक, मॅचसाठी नको. स्क्रूच्या दाबाखाली प्लास्टिक हळूहळू बसत जातं, त्यामुळे आवळलेलं कायम राहत नाही. पीएलए या प्रकारच्या प्लास्टिकची असेल तर साठ अंशांच्या आसपास ती मऊ पडायला लागते, आणि एप्रिल-मेमध्ये उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तेवढं तापमान होऊ शकतं.

स्क्रू

इथे एक फसवा प्रकार आहे. नव्या साइटबरोबर आलेला स्क्रू मूळ स्क्रूपेक्षा एखाद-दीड मिलिमीटर लांब असतो. आवळताना तो भोकाच्या तळाला टेकतो आणि हाताला वाटतं की घट्ट झाला. प्रत्यक्षात डोकं साइटवर बसलेलंच नसतं. तपासायला पतंगाच्या कागदाची किंवा टिश्यूची पट्टी बैठकीखाली घाला, स्क्रू आवळा, पट्टी ओढा. ती सहज निघाली तर स्क्रू लांब आहे किंवा बैठक बसलेली नाही. चाचणी झाली की पट्टी काढून टाकायला विसरू नका. लांब स्क्रू जबरदस्तीने आवळलात तर टोक आतल्या भागावर दाब देतं, आणि मग दुरुस्ती साइटपुरती राहत नाही.

अ‍ॅलन की (षटकोनी चावी) चांगली घ्या. रविवार पेठेत बोहरी आळीत सुटी मिळते. पूर्ण सेटपेक्षा दीड आणि दोन मिलिमीटरच्या दोन उत्तम चाव्या घ्याव्यात. युरोपातले भाग मेट्रिक असतात, अमेरिकेतले पुष्कळदा इंचात. एक सोळांश इंचाच्या भोकात दीड मिलिमीटरची चावी जाते खरी, पण जरा मोकळी, आणि दोन-तीनदा फिरवली की स्क्रूचं डोकं गोल होतं.

किती आवळायचं? पिस्तुलाच्या पुस्तिकेत आकडा असेल तर टॉर्क ड्रायव्हर वापरा. नसेल तर चावीचा लांब भाग स्क्रूमध्ये घाला आणि आखूड भाग दोन बोटांत धरून आवळा. तरफ आखूड असली की जोर आपोआप मर्यादेत राहतो. अ‍ॅल्युमिनियममधले छोटे आटे फार लवकर जातात, त्यामुळे ‘अजून थोडं’ हा मोह नको.

थ्रेडलॉकर लावायचा तर जांभळा, कमी ताकदीचा, म्हणजे लॉकटाइट २२२ किंवा तसा. निळा २४३ चालतो, पण इतक्या बारीक स्क्रूला तो मला जास्त वाटतो. लाल २७१ अजिबात नको. तो सोडवायला तापवावं लागतं आणि हवेच्या पिस्तुलाजवळ बर्नर किंवा हीट गन आणणं धोक्याचं आहे. एक लहान थेंब, आट्यांच्या शेवटच्या दोन-तीन वेढ्यांवर. चोवीस तास हात लावू नका. स्टेनलेस स्टील आणि अ‍ॅनोडाइझ केलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर तो सावकाश धरतो, त्यामुळे सकाळी लावून संध्याकाळी रेंजवर गेलं तर तो धरायच्या आधीच हलवला जातो, आणि अर्धवट हललेला थर पुन्हा नीट धरत नाही. प्लास्टिकच्या साइटला थ्रेडलॉकर नको, काही प्लास्टिकला त्याने तडे जातात. फेविक्विकही नको. त्याची वाफ काळ्या साइटवर पांढरट थर सोडते आणि पाती चमकायला लागते.

क्लिकच्या स्क्रूवर यातलं काहीही लावू नका. तो फिरण्यासाठीच आहे.

साइट हलत नाही, पण क्लिक खोटं बोलतात

बैठक पक्की, स्क्रू पक्का, रेघा शाबूत, तरीही झीरो सापडत नाही. मग समायोजनाचे स्क्रू बघा. त्यांच्या आट्यांत थोडा खेळ असतो आणि स्प्रिंग तो एका बाजूला दाबून धरते. स्प्रिंग थकली, उलटी बसली किंवा बसवताना राहून गेली तर उजवीकडे सहा क्लिक आणि डावीकडे सहा क्लिक केल्यावर पाती मूळ जागी येत नाही.

चौकोनाची चाचणी करा, मनगट पिशवीवर टेकून. दहा शॉट. उजवीकडे दहा क्लिक, दहा शॉट. वर दहा क्लिक, दहा शॉट. डावीकडे दहा, दहा शॉट. खाली दहा, दहा शॉट. शेवटचा ग्रुप पहिल्यावर यायला हवा आणि चारही बाजूंना जवळजवळ सारखं अंतर हवं. चौकोन मिटत नसेल तर दोष यंत्रणेत आहे. चौकोन तिरका झाला, म्हणजे उजवीकडे जाताना ग्रुप वरही चढला, तर पाती आडवी बसलेली नाही. एका क्लिकला टार्गेटवर किती मिलिमीटर ते या चाचणीतून आपोआप कळतं. प्रत्येक साइटचं ते वेगळं असतं, आणि नव्या साइटला जुन्या क्लिकचं माप लावणं हे गोंधळाचं आणखी एक कारण आहे.

स्प्रिंग ठीक असली तरी एक सवय लावून घ्या. कुठलंही समायोजन नेहमी एकाच दिशेने संपवा. डावीकडे तीन क्लिक हवे असतील तर पाच जा आणि दोन परत या. उजवीकडे तीन हवे तर सरळ तीन. आट्यांतला खेळ मग दर वेळी एकाच बाजूला राहतो.

अक्षरांचाही घोळ होतो. जर्मन बनावटीच्या साइटवर एच म्हणजे वर, टी म्हणजे खाली, आर उजवीकडे, एल डावीकडे. पण आरच्या बाणाचा अर्थ काही बनावटींत ‘शॉट उजवीकडे न्यायचे असतील तर इकडे फिरवा’ असा असतो, आणि काहींत ‘शॉट उजवीकडे पडत असतील तर इकडे फिरवा’ असा. जुनी एका प्रकारची आणि नवी दुसऱ्या प्रकारची असेल तर मूल दुरुस्ती म्हणून चूक दुप्पट करत जातं. अक्षरांवर विसंबू नका. पातीकडे बघा: रिअर साइट जिकडे सरकते तिकडे शॉट जातात. फ्रंट साइट सरकवली तर उलट.

नवी साइट पक्की आहे, पण दिसते वेगळी

याची चर्चा कमी होते आणि मुलांच्या बाबतीत हेच जास्त वेळा निघतं. खाचेत फ्रंट साइट ठेवल्यावर दोन्ही बाजूंना उजेडाच्या फटी दिसतात. नवी खाच अरुंद असेल तर फटी जवळजवळ नाहीशा होतात, डोळा मध्य शोधत राहतो, आणि ग्रुप आडवा पसरतो. खाच फार रुंद असेल तर मध्य साधलाय असं सारखं वाटत राहतं आणि पुन्हा ग्रुप आडवाच.

फ्रंट साइटच्या रुंदीलाही हाताची लांबी लागते. टार्गेटवरच्या काळ्या वर्तुळाचा व्यास ५९.५ मिमी. डोळ्यापासून फ्रंट साइट एक मीटरवर असलेल्या मोठ्या माणसाला साधारण ६ मिमी रुंदीची फ्रंट साइट काळ्याइतकी दिसते. ज्या मुलीचा हात आखूड आहे, जिला तेच अंतर ८५ सेंटिमीटर पडतं, तिला ५ मिमी पुरते. वडिलांच्या किंवा सीनियर ताईच्या पिस्तुलावरची साइट जशीच्या तशी मुलीच्या पिस्तुलावर चढवली की हा फरक पडतो. काळ्याइतकी की थोडी कमी, ही पुढची पसंत ज्याची त्याने ठरवावी.

पाती चमकत असेल तर ज्या बाजूने उजेड येतो ती कड विरघळल्यासारखी दिसते आणि ग्रुप सरकतो. मॅचच्या रेंजवर टार्गेटवर किमान १५०० लक्स उजेड असतो, घरच्या सोसायटीच्या तळघरात एक ट्यूबलाइट. दोन्हीकडे तीच साइट वेगळी दिसणारच. साइट काळी करायला मॅट काळा स्प्रे मिळतो. कापराची काजळी हा जुना उपाय अजूनही उत्तम आहे, फक्त धातूची पाती पिस्तुलापासून काढून, ज्योतीच्या टोकाच्या बरीच वर धरून.

आणि पाती किंचित तिरकी बसली असेल तर नेमबाज नकळत पिस्तूल कलवून ती सरळ करतो. पिस्तूल कललं की ग्रुप कललेल्या बाजूला आणि थोडा खाली जातो. दमल्यावर मनगट वेगळं कलतं, म्हणून पहिल्या वीस शॉटचा आणि शेवटच्या वीस शॉटचा झीरो वेगळा येतो. ६० शॉटच्या मॅचमध्ये हे हमखास ट्रिगरच्या नावावर खपतं.

साइटच्या नावावर खपणाऱ्या इतर गोष्टी

ग्रुप उभा पसरत असेल, विशेषतः सरावाच्या शेवटी खाली जात असेल, तर सिलिंडरचा दाब बघा. पॅलेटचा वेग सेकंदाला १५० मीटर असेल तर १० मीटर जाताना ते गुरुत्वाकर्षणाने साधारण २२ मिमी पडतं. वेग १४० झाला तर २५ मिमी. रेग्युलेटरला (हवेचा दाब सारखा ठेवणाऱ्या भागाला) लागणाऱ्या किमान दाबाखाली सिलिंडर गेला की हे ३ मिमी आणि त्याहून जास्त फुकट जातात. सिलिंडरवरची तारीखही त्याच वेळी बघून घ्या, मुदत उलटलेला सिलिंडर वापरायचा नसतो.

पॅलेटचा डबा बदलला का? ४.४९ मिमीच्या पॅलेटऐवजी ४.५० चं आलं का? चष्म्याचा नंबर बदलला का? ग्रिपचा (मुठीचा) आकार बदलायला पुटी लावली का? साइटबरोबर त्याच आठवड्यात यातलं काहीही बदललं असेल तर एक गोष्ट जुनी करा आणि मगच दुसरी तपासा.

घरच्या ५ मीटरच्या पॅसेजमध्ये झीरो करू नका. तिथे पॅलेट फक्त साडेपाच मिलिमीटर पडतं, १० मीटरला २२. टार्गेट निम्म्या आकाराचं छापलं तरी हा हिशेब निम्मा होत नाही, चौथाई होतो. घरी ड्राय फायर (पॅलेट न भरता ट्रिगर दाबायचा सराव) करा आणि ट्रिगरवर काम करा. पॅलेट मारायचंच असेल तर पक्कं पॅलेट ट्रॅप (पॅलेट अडवणारी पेटी), डोळ्यांवर चष्मा, आणि मधल्या सगळ्या खोल्यांची दारं बंद असल्याशिवाय नाही.

मॅच जवळ आली असेल तर

राज्य स्पर्धा किंवा शालेय स्पर्धा दोन आठवड्यांवर असेल आणि नवी साइट त्रास देत असेल, तर काढून जुनी लावा. मोजून लिहिलेले क्लिक लावा, वीस शॉटमध्ये झीरो जवळपास मिळतो. नवी साइट राहणार असेल तर तपासणीचा विचार करा: साइट मागे सरकवल्यावर पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिमीच्या खोक्यात बसतं का, वजन १५०० ग्रॅमच्या आत आहे का. साइट उघडीच हवी. लेन्स, रेड डॉट, फायबर ऑप्टिक असलं काही पातीवर चालत नाही, बाजारात कितीही सुंदर दिसलं तरी.

भोकातले आटेच गेले असतील तर घरचं काम तिथे थांबवा. हँड ड्रिलने मोठं भोक पाडून जाड स्क्रू बसवून देणारे भेटतील. रिअर साइटच्या खाली हवेची झडप आणि पॅलेट भरण्याची यंत्रणा असते, तिथे तिरकं भोक म्हणजे पिस्तूल गेलं. आट्यांचा इन्सर्ट (भोकात बसवायची नव्या आट्यांची नळी) बसवून हे नीट दुरुस्त होतं, पण पिस्तुलांच्या माहितगाराकडूनच करून घ्या. त्याच्याकडे जाताना सिलिंडर वेगळा न्या, मूळ स्क्रू आणि नवा स्क्रू दोन्ही न्या, नेलपॉलिशच्या रेघा पुसू नका, आणि चौकोनाच्या चाचणीचे कागद सोबत द्या. त्याला ‘साइट हलते’ एवढंच सांगितलं तर तो पुन्हा पहिल्यापासून शोधत बसेल.